दहाव्या जागेवरचं नाव

शिक्का मारायला तात्सुता एइजिला एक श्वासही लागला नाही. लाकडी डबीतून शिक्का काढला, तांबड्या शाईवर टेकवला, कागदावर दाबला. झालं. खोटं बोलायला निदान तोंड तरी उघडावं लागतं. इथं तेवढेही कष्ट पडले नाहीत.

समोर बसलेल्या कुवायामा-साननं कागद दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावल्यासारखा केला. जुनी नाण्यावर चालणारी खेळयंत्रं शोधून, दुरुस्त करून ती लोकांना दाखवणारी एक हौशी मंडळी होती, त्यातली ही. चाळिशीची, बोटांना तारा डाखताना चटके बसलेली. बारा वर्षं शोधून तिला ‘वाताशि’ ह्या जुन्या खेळाचं एक यंत्र कोबेच्या एका बंद पडलेल्या न्हाणीघरात सापडलं होतं, आणि पुढच्या महिन्यात ते वॉर्डाच्या सभागृहात मांडायचं होतं. त्याच्याखालच्या पाटीवर खेळात वाजणाऱ्या चालीच्या कर्त्याचं नाव हवं होतं.

“मासिकातल्या मुलाखतीत आपण सांगितलंच आहे, शाचो,” ती म्हणाली. “आंघोळीच्या टबात गुणगुणताना सुचली म्हणून. तरी विचारलेलं बरं.”

शाचो, म्हणजे मालक. तेवीस वर्षांत त्याला कुणी शाचो म्हटलं नव्हतं. सरकारी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहणाऱ्या त्र्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला कोण म्हणणार? कानात कुणी मध ओतावा तसं त्याला झालं, आणि त्या मधातच हात शिक्क्याकडे गेला.

“आणि ते दहाव्या जागेवरचं ‘जवळ’,” कुवायामा-सान उठता उठता म्हणाली. “ते वाचून मला रडू आलं होतं. हरलेल्याला असा धीर द्यायचं कुणाला सुचतं?”

“सुचलं खरं,” तात्सुता म्हणाला.

ती गेली. तिनं आणलेल्या पुरणाच्या गोळ्यांचा डबा मेजावर तसाच राहिला. फुमि, त्याची बायको, पेले गोळा करू लागली. टीव्हीवर सुमोचे पैलवान मीठ उधळत होते.

“अहो,” ती म्हणाली.

“काय?”

“काही नाही. पन्नास वर्षं तुमची पाठ मी चोळली. टबात तुम्ही कधी गुणगुणल्याचं आठवत नाही. घोरल्याचं आठवतं.”

“जुनी गोष्ट आहे, फुमि.”

“जुनी होती. आज तुम्ही ती ताजी केलीत.” पेले घेऊन ती आत गेली. नळ सोडला. नळाच्या आवाजातच म्हणाली, “आयत्या पिठावर रेघोट्या ओढाव्यात माणसानं, पण किती वर्षं?”

तात्सुतानं टीव्हीचा आवाज वाढवला.

गोष्ट जुनी होती हे खरं. एकेचाळीस वर्षांपूर्वी शिओकाझे कंपनी म्हणजे हिगाशि-ओसाकातल्या खिळे-स्क्रूंच्या कारखान्यांच्या गल्लीतली पत्र्याची एक शेड होती. अकरा माणसं, तीन टेबलं. मिठाईच्या दुकानांना भाड्यानं खेळयंत्रं द्यायची, बिघडली की स्कूटरवर बसून दुरुस्त करायला जायचं. त्या अकरांत मिनोबे साए नावाची चोवीस वर्षांची एक मुलगी होती. बिवा सरोवराच्या उत्तरेकडच्या खेड्यातली. बोलायची कमी. दुपारी सगळे उदोन खायला गेले की ही टेबलाशी बसून भाताचे गोळे खात आकडे लिहायची. त्या आकड्यांतून तिनं एक नदी केली, एक नावाडी केला, आणि काठावर माणसं उभी केली.

खेळ साधा. नावाड्यानं माणसांना पलीकडे न्यायचं. वाटेत भोवरे, ओंडके, पूर. काठावर कधी म्हातारी असे, कधी कडेवर पोर घेतलेली बाई, कधी चोर. चोराला बघून खेळणारा कचरला, नाव पुढे काढू लागला, की नाव बुडायची.

“हे काय?” तात्सुता म्हणाला होता. “चोराला टाळलं तर गुण मिळायला हवेत.”

“नाही, शाचो. ह्या नावेत कुणाला नाही म्हणता येत नाही.”

“का?”

“मग ती ही नाव राहत नाही.”

त्याला ते कळलं नव्हतं, पण खेळून पाहिल्यावर हात सुटेना. आणि ती चाल. खालच्या स्वरात, कुणी शेजारी बसून बोलावं तशी सुरू व्हायची. मग बोलण्याचं गाणं कधी झालं ते कळायचं नाही. चढत जायची, चढत जायची, आणि नाव काठाला लागणार त्या क्षणी एकदम थांबायची. त्या शांततेत खेळणाऱ्यानं बटण भराभर दाबायचं. टक टक टक टक. जितकं दाबाल तितके गुण. ह्या शांततेसाठी पोरं रांगा लावायची. होक्काइदोपासून कागोशिमापर्यंत, जिथं नाण्याची फट होती तिथं ‘वाताशि’ होती. तीन वर्षांत पत्र्याच्या शेडच्या जागी सात मजले उभे राहिले आणि गच्चीवर निळ्या दिव्यांची नाव डोलू लागली.

पण त्याआधीची गोष्ट. खेळ बाहेर पडायच्या आठवड्यात साए टेबलासमोर येऊन उभी राहिली.

“शाचो, शेवटच्या पडद्यावर एक नाव घालू का? माझं नाही.”

“मग कुणाचं?”

“बाबांचं. चाल त्यांची आहे.”

त्या काळी ह्या धंद्याची रीतच होती की करणाऱ्याचं नाव बाहेर फुटू द्यायचं नाही. नाव फुटलं की दुसरी कंपनी माणूस पळवते. तात्सुता हसून म्हणाला, “आज तुझे बाबा, उद्या गोदामवाल्याची आत्या. नको ग बाई.” साएही हसली. तिचे बाबा काय करतात, हे त्यानं विचारलं नाही. विचारायला किती वेळ लागला असता?

“त्यापेक्षा एक काम कर,” तो म्हणाला. “ती दहा जणांची यादी भर.”

खेळ कुणी खेळायच्या आधी सर्वाधिक गुणांची यादी रिकामी दिसू नये म्हणून कंपनीच दहा खोटी नावं भरून ठेवते. नाव तीन अक्षरांचं. खेळणाऱ्यांनी जास्त गुण मिळवले की आपली नावं घालायची, खालची बाहेर पडायची. संध्याकाळी दुकानदारानं वीज बंद केली की सगळं पुसलं जायचं आणि सकाळी पुन्हा कंपनीची दहा नावं उगवायची.

“पहिल्यावर मी,” तात्सुता म्हणाला. “ए-इ-जि. बाकी काहीही भर.”

तिनं भरलं. फुलांची नावं, माशांची नावं. दहाव्या जागेवर होतं ‘चि-का-इ’. तात्सुतानं वाचलं आणि मांडीवर थाप मारली. चिकाइ, जवळ. जो हरला, ज्याचं नाव यादीत थोडक्यात हुकलं, त्याला यंत्र सांगतंय, जवळ आलास बाबा, आणखी एक नाणं टाक. नुसत्या उच्चाराच्या अक्षरांत लिहिलं की जपानीत एका शब्दाचे चार अर्थ निघतात. ज्याला जो हवा तो त्यानं घ्यावा. धंदेवाल्याला धंद्याचा अर्थ दिसला.

“फार हुशार आहेस,” तो म्हणाला.

साए म्हणाली, “हो का?”

मग मासिकवाला आला. तात्सुतानं नवा कोट घातला होता. साएला चहा आणायला सांगितलं होतं, कारण कंपनीत दोनच बाया होत्या आणि दुसरी सुट्टीवर होती. ती ट्रे घेऊन दारात आली तेव्हाच मासिकवाल्यानं विचारलं, “ही चाल कुणाची हो? आमच्या आजीच्या गावी देवळात बुवा गाऊन प्रवचन करायचे, तसं काहीतरी वाटतं.”

“ते रडगाणं?” तात्सुता हसला. “म्हाताऱ्यांना झोपवणारं? छे हो. ही माझी. टबात बसलो होतो, गरम पाण्यात सुचली.”

का म्हणाला तो असं? नाव फुटू नये म्हणून, असं त्यानं पुढे हजारदा स्वतःला सांगितलं. पण नाव लपवायला ‘आमच्या एका माणसाची’ एवढं पुरलं असतं. माणसाचं मन असं असतं की चोरी करताना त्याला वाटतं आपण राखण करतोय.

आणि एवढ्यावर थांबला असता तरी ठीक होतं. त्यानं दहाव्या जागेचाही किस्सा सांगितला, ‘जवळ’ हा शब्द आपल्याला कसा सुचला तो, हातवारे करून. मासिकवाला लिहीत होता. साएनं दोन पेले मेजावर ठेवले. एक थेंबही सांडला नाही. हे त्याला सगळ्यात जास्त आठवायचं. एक थेंबही सांडला नव्हता.

पुढच्या वसंतात ती काम सोडून गेली. त्यानं कारण विचारलं नाही. कारण ती सांगेल अशी भीती होती.

चढण तीन वर्षांची होती, उतरण पंधरा. ‘वाताशि-दोन’साठी तोक्योचा नावाजलेला संगीतकार आणला. चाल सुरेख होती, पण ती थांबायचीच नाही, आणि ती थांबल्याशिवाय कुणाचं बोट बटणाकडे जायचं नाही. ‘वाताशि-तीन’मध्ये नावाड्याच्या हाती तलवार दिली. मग मारामारीचे खेळ आले, घरोघरी खेळयंत्रं आली, पोरं दुकानात यायची थांबली. तात्सुतानं हट्टानं माणूस बसेल एवढी खरी नाव केली, हलणारी, पाण्याचे तुषार उडवणारी. तिच्यात बसून लोकांना मळमळायचं. शेवटी कंपनी बुडाली, आणि कामगारांपुढे, पत्रकारांपुढे कमरेत वाकून माफी मागायचा दिवस आला. वकिलानं आधी शिकवलं होतं, “वाकल्यावर मनात पाच मोजा, मग वर या. तीनवर आलात तर उर्मट दिसता, आठवर आलात तर नाटकी.” तात्सुतानं बरोबर पाच मोजले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचं टक्कल छापून आलं. गच्चीवरची निळी नाव क्रेननं उतरवली.

आता शिक्का मारल्यावर आठ दिवसांनी फुमि म्हणाली, “अहो, उद्या देवळात चला.”

“मी कशाला?”

“पंथाच्या गुरूंच्या पुण्यतिथीचा उत्सव आहे. मुळ्याचा रस्सा असतो. तुम्हाला आवडतो.”

रश्श्यासाठी तो गेला. गल्लीतलं छोटं देऊळ, आत पन्नासेक म्हातारे, चटयांवर उशा, स्टोव्हचा वास. फुमिनं त्याला खांबाजवळ बसवलं आणि स्वतः अशी बसली की उठून जायची वाट बंद व्हावी. समोर उंच आसनावर काळी वस्त्रं घातलेली, केस अगदी बारीक कापलेली एक बाई येऊन बसली. तिनं पंखा उघडला, मिटला, मांडीवर ठेवला आणि बोलू लागली. खालच्या स्वरात, शेजारी बसून बोलावं तशी.

तात्सुता खांबापासून पुढे सरकला.

“नदीला पूर आलाय,” ती सांगत होती. “काठावर कोण उभं आहे? एक म्हातारी आहे. तिला दिसत नाही. एक बाई आहे. तिच्या कडेवरचं लेकरू तापलंय. आणि त्या दोघींच्या मागे, झाडाआड कोण आहे? चोर आहे. त्याला लाज वाटते म्हणून तो झाडाआड आहे. नावाडी म्हणतो, ये रे. चोर म्हणतो, मी कसा येऊ, मी कोण ते तुला ठाऊक नाही. नावाडी म्हणतो, ठाऊक आहे म्हणून तर थांबलोय...”

बोलण्याचं गाणं कधी झालं ते कळलंच नाही. चाल चढत गेली, चढत गेली. म्हातारे पुढे वाकले. नाव काठाला लागणार, लागणार, आणि ती एकदम थांबली.

त्या शांततेत सगळ्या बाजूंनी बुद्धाच्या नावाचं पुटपुटणं उठलं, “नामान्दाबु, नामान्दाबु, नामान्दाबु.” पावसाच्या सरीसारखं. खरं तर त्याला दुसरंच काही आठवत होतं. टक टक टक टक. खाली बघितलं तर त्याचं उजवं बोट गुडघ्यावर आपोआप पडत होतं. म्हणजे ती शांतता ह्यासाठी होती. देशभरची पोरं बटणावर बोटं आपटत होती ती हे करत होती, आणि कुणालाच ठाऊक नव्हतं. एकीला सोडून.

“ही चाल माझी नाही,” आसनावरची बाई शेवटी म्हणाली. “माझ्या वडिलांची. बिवाच्या उत्तरेला एका गळक्या देवळात ते होते. मोठ्या देवळातले विद्वान म्हणायचे, गाऊन प्रवचन करणं गावंढळ आहे, बंद करा. शेवटी घशाच्या दुखण्यानं ते आपोआपच बंद झालं. तेव्हा मी ती चाल मला जमेल तिथं लपवून ठेवली. वडिलांचं नाव चिकाइ. त्यांना एकदा हात जोडा, की मग रस्सा खायला मोकळे.”

लोक हसले, हात जोडले. तात्सुताचे हात वर येईनात.

चिकाइ. जवळ नव्हे. माणसाचं नाव.

“तुला ठाऊक होतं,” तो फुमिला म्हणाला.

“देवळाच्या फळ्यावर मिनोबे साए हे नाव वाचलं. एवढंच ठाऊक होतं. बाकीचं तुमचं तुम्हाला ठाऊक.” ती उठली आणि वाट मोकळी केली. “ती मागच्या खोलीत आहे. रस्सा मी राखून ठेवते.”

मागच्या खोलीत साए पायमोजे काढून तळपाय चोळत बसली होती. तो उंबऱ्यातच गुडघ्यांवर बसला.

“शाचो,” ती म्हणाली. जराही दचकली नाही. “गुडघे दुखतील. आत या.”

“इथंच बरा आहे. मिनोबे-सान, ते दहाव्या जागेवरचं...”

“हो.”

“मला वाटलं, जवळ.”

“वाटलं ते वाटलं. त्याचा राग नाही. लिहिलंच तसं होतं.” ती थोडी हसली. “खेळाचं नावही तसंच. मी ‘पार नेणं’ म्हणून वाताशि ठेवलं. तुम्ही ‘मी’ म्हणून वाचलंत.”

त्याला वर बघवेना. “त्या दिवशी मी रडगाणं म्हटलं.”

“तेही ऐकलं. तेव्हा बाबांना घशाचं दुखणं होतं. घरी गेल्यावर ते पाटीवर लिहून विचारायचे, माझं नाव कुठं लावलंस? मी म्हटलं, दहाव्या जागेवर. त्यांनी लिहिलं, म्हणजे पहिल्या पोरानं नाणं टाकलं की मी बाहेर? मी म्हटलं, हो. त्यांनी लिहिलं, मग? मी म्हटलं, सकाळी वीज आली की परत. रोज. देशभर. तेव्हा ते इतके हसले की खोकला लागला. मग लिहिलं, ही जागा चांगली आहे, बदलू नकोस.”

बाहेर रश्श्याची भांडी वाजत होती.

“मी गेल्या आठवड्यात पुन्हा केलं,” तात्सुता म्हणाला. हे सांगणं सगळ्यात जड गेलं. जुन्या पापाला वयाचं पांघरूण असतं. आठ दिवसांपूर्वीचं पाप उघडंच असतं. “पाटीसाठी कागद होता. चाल माझी म्हणून शिक्का मारला. कुणी जबरदस्ती केली नव्हती.”

साएचा हात तळपायावर थांबला. आत्ता कुठं तिच्या चेहऱ्यावर काही हललं, आणि ते हलणं त्याच्यामुळे होतं हे बघून त्याला जमिनीत जावंसं वाटलं.

“ते मी पुसू?” तिनं विचारलं.

“नाही. मीच पुसतो.”

“मग पुसा. माझ्यासाठी नको. मी रोज झाडाआडच्या चोराची गोष्ट सांगते, तुमच्यासाठी वेगळं काही नाहीये माझ्याकडे. रस्सा गार होतोय, शाचो.”

प्रदर्शन उघडायच्या दिवशी सकाळी दार उघडायच्या तासभर आधी तो वॉर्डाच्या सभागृहात पोचला. कुवायामा-सान फडक्यानं काच पुसत होती. पाटी लागलेली होती, सुबक, काळ्यावर पांढरी अक्षरं: चाल, तात्सुता एइजि.

“शाचो, इतक्या लवकर?”

“ही पाटी चूक आहे,” तो म्हणाला. “चाल माझी नाही. चिकाइ नावाच्या बुवांची आहे. खेळ त्यांच्या मुलीनं केला, मिनोबे साएनं. दहाव्या जागेवर त्यांचंच नाव आहे. ‘जवळ’ वगैरे काही नाही.”

“पण मुलाखतीत तुम्ही...”

“खोटं.”

“आणि गेल्या महिन्यात तो कागद...”

“तेही.”

बारा वर्षं यंत्र शोधणारी बाई होती ती. तिचे डोळे हळूहळू बदलले. त्यानं शाचो ह्या शब्दासाठी शिक्का मारला होता; तो शब्द तिच्या डोळ्यांतून निघून जाताना त्याला दिसला. तो वाकला. पाच मोजायचे असतात हे आठवलं, एकही आकडा आठवला नाही. वर कधी यायचं तेच कळेना. शेवटी तिनं त्याच्या दंडाला धरून उभं केलं.

“तात्सुता-सान,” ती म्हणाली. “नाव कसं लिहायचं ते सांगा. ‘चि’ला ज्ञानाचं अक्षर की दुसरं?”

फुमिनं देवळातून लिहून आणलेला कागद त्यानं पुढे केला. तिनं छापील पाटी काढली आणि पुठ्ठ्याच्या पाठकोऱ्या बाजूवर जाड पेननं हातानं लिहू लागली. तिचं अक्षर वाकडं होतं.

मग तिनं वीज सोडली. काच उजळली, आणि दहा नावं उगवली. सगळ्यात वर ए-इ-जि.

“हे काढता येईल का?” त्यानं विचारलं. “माझं, वरचं.”

“नाही हो. आतल्या चिपमध्ये कोरलंय. रोज सकाळी येणारच.”

“कुणी जास्त गुण केले तर?”

“तर खाली सरकेल. पण मग दहावं बाहेर पडेल.”

त्यानं मान हलवली. म्हणजे रोज सकाळी दोन्ही नावं येणार, वर त्याचं आणि तळाशी त्यांचं, आणि पहिलं नाणं पडलं की जायचं ते त्यांनीच. ते हसतील, खोकतील. त्याला मात्र तिथंच, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे, सगळ्यात उंच उभं राहायचं होतं.

दारं उघडली. पहिली आली ती साठीची एक बाई, भाजीची पिशवी घेऊन, यंत्र बघून जागच्या जागी थबकली.

“अगं बाई, वाताशि.” तिनं नाणं शोधलं, मग त्याच्याकडे वळली. “आजोबा, तुमचा नंबर आहे का?”

“नाही,” तात्सुता बाजूला सरकत म्हणाला. “तुम्ही खेळा. चाल थांबली की बटण दाबायचं.”

“मला सांगताय?” ती म्हणाली आणि नाणं टाकलं.

तो तिच्या मागे, भिंतीला पाठ लावून उभा राहिला. चाल सुरू झाली, चढत गेली. ती थांबली तेव्हा बाईच्या बोटांची टकटक सुरू झाली, आणि तिच्या मागे त्याचे ओठ देवळातल्या म्हाताऱ्यांसारखे हलले. आवाज फुटला नाही.